ताई, मग प्रामाणिकपणे कर भरून काय मिळालं?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी मूळचा सांगलीचा, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दोन वर्षांपूर्वी इथलं नागरिकत्व घेतलं. पत्नी एका नर्सिंग होममध्ये परिचारिका आहे, माझा छपाईचा छोटा धंदा आहे. २०२० च्या जूनमध्ये, लॉकडाउन चालू असताना, मी निकोला या ट्रक कंपनीचे शेअर्स घेतले. मुलीच्या कॉलेजसाठी साठवलेल्या पैशातला मोठा भाग त्यात घातला आणि तो बुडाला. कंपनीचा संस्थापक ट्रेव्हर मिल्टन फसवणुकीत दोषी ठरला, तेव्हा वाटलं, निदान भरपाईतून काहीतरी परत येईल. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली आणि तेही संपलं.

डॅलसला असलेले माझे साडू म्हणतात, 'बायडननं मुलाला सोडवलं तेव्हा तूच म्हणालास ना, बापाचं काळीज आहे म्हणून?' म्हणालो होतो. गणपतीच्या जेवणाला आमचं इतकं वाजलं की दोघी बहिणींना मध्ये पडावं लागलं. तेव्हापासून बोलणं नाही. मुलगी अकरावीत आहे, वकील व्हायचं म्हणायची. आता म्हणते, 'बाबा, काय उपयोग?' सांगलीहून वडील फोनवर सांगतात, 'सगळीकडे असंच असतं, आपल्याकडे काय वेगळं आहे?'

आणखी एक. माझ्याकडे थोडं काम रोखीत येतं. आजवर त्यातला डॉलर न् डॉलर कागदावर दाखवला. या वर्षी हात अडखळतोय. कुणासाठी दाखवू?

— एक वाचक, एडिसन

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाकीच्या गोष्टींना थोडा वेळ आहे, पण कराचं विवरणपत्र १५ एप्रिलच्या आत जायला हवं. रोखीचं उत्पन्न दाखवा. सगळं, दरवर्षीसारखं.

कुणासाठी, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या पत्नीसाठी, असं मी म्हणेन, आणि त्याला कारण आहे. फ्लोरिडात पॉल वॉल्झॅक नावाचा एक नर्सिंग होमचा चालक होता. तुमच्या पत्नीच्या पगाराच्या स्लिपवर सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीचं पेन्शन), मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्यविमा) आणि प्राप्तिकर कापल्याच्या ओळी असतात ना, तसे त्याच्याकडच्या परिचारिकांच्या आणि डॉक्टरांच्या पगारातूनही पैसे कापले जात होते. कापले जात होते, पण सरकारजमा होत नव्हते. मालकानं स्वतः भरायचा वाटा धरून बुडवलेली रक्कम १ कोटी डॉलरच्या वर गेली आणि त्याच काळात त्यानं २० लाख डॉलरची यॉट घेतली. पुढे त्यानं गुन्हा कबूल केला. एप्रिल २०२५ मध्ये त्याला १८ महिन्यांची कैद झाली आणि सुमारे ४४ लाख डॉलर भरण्याचा आदेश झाला. न्यायाधीशांनी शिक्षा सुनावताना स्पष्ट सांगितलं होतं की पैसेवाल्याला तुरुंग चुकवण्याचा वेगळा परवाना मिळत नाही. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत माफी आली. त्याची आई रिपब्लिकन पक्षासाठी निधी जमवणारी. माफीच्या तीनेक आठवडे आधी ट्रम्प यांच्या मार-ए-लागो या क्लबमध्ये माणशी १० लाख डॉलरच्या जेवणाला ती हजर होती, हे न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं.

तुम्ही रोखीचं उत्पन्न लपवलंत, तर त्या माणसाचं काहीच बिघडत नाही. ज्या तिजोरीतून त्या परिचारिकांना आणि उद्या तुमच्या पत्नीला पेन्शन मिळायची, तीच थोडी आणखी रिकामी होते. शिवाय व्यवहाराची बाजू बघा. जाणूनबुजून उत्पन्न लपवल्याचं सिद्ध झालं, तर बुडवलेल्या कराच्या ७५ टक्के इतका दंड वर बसतो. न्यू जर्सीचा कर वेगळाच, आणि राज्याच्या कायद्याखालच्या गुन्ह्याला तर राष्ट्राध्यक्षांची माफी लागूही होत नाही. एडिसनच्या छापखानेवाल्यासाठी मार-ए-लागोत कुणी शब्द टाकणार नाही. तेव्हा हा विचार मनातून काढून टाका.

आता तुमच्या पैशांचं. हे दुःख मोठं आहे आणि ते मला हातचं राखून बोलण्यासारखं वाटत नाही. तुम्ही हावरटपणे जुगार खेळलात, असं कुणी म्हणत असेल तर त्यांना तो व्हिडिओ दाखवा. जानेवारी २०१८ मध्ये निकोलानं तो प्रसिद्ध केला होता. मोकळ्या माळरानातला सरळ रस्ता, त्यावरून झोकात येणारा पांढरा ट्रक. बघणाऱ्याला वाटावं, गाडी स्वतःच्या ताकदीवर धावते आहे. प्रत्यक्षात तो ट्रक दुसऱ्या वाहनानं ओढून युटामधल्या एका उतारावर नेला होता, तिथं ब्रेक सोडला आणि तो घरंगळत खाली आला. चित्रीकरणाच्या वेळी दार उघडू किंवा निखळू नये म्हणून ते चिकटपट्टीनं बांधावं लागलं होतं, असं सरकारी आरोपपत्रात लिहिलं आहे. जून २०२० मध्ये कंपनीचा शेअर बाजारात आला आणि काही दिवसांतच तिचं बाजारमूल्य फोर्डच्याही वर गेलं होतं. तोवर तिनं एकही ट्रक विकलेला नव्हता. टाळेबंदीत घरी बसलेल्या, पहिल्यांदाच शेअर घेणाऱ्या माणसांना मिल्टननं टीव्हीवरून, ट्विटरवरून, पॉडकास्टवरून गाठलं. सरकारी वकिलांनी खटल्यात नेमका हाच मुद्दा लावून धरला होता: बाजारातले जाणकार त्याचं लक्ष्यच नव्हते, तुमच्यासारखे लोक होते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅनहॅटनच्या ज्युरीनं त्याला फसवणुकीच्या तीन आरोपांत दोषी ठरवलं आणि एकातून मुक्त केलं. म्हणजे डोळे झाकून शिक्का मारला नाही, एकेक आरोप वेगळा करून पाहिला. डिसेंबर २०२३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू असल्यामुळे तो बाहेरच होता. गुंतवणूकदारांना सुमारे ६८ कोटी डॉलर भरपाई द्यायला लावा, अशी मागणी सरकारी वकिलांनी न्यायालयात केलेली होती, आणि त्यावर आदेश होण्याच्या आतच माफी झाली. २०२४ च्या निवडणुकीला महिनाभरही उरला नव्हता तेव्हा मिल्टन आणि त्याच्या पत्नीनं ट्रम्प यांच्या प्रचारनिधीला १८ लाख डॉलरहून जास्त देणगी दिली होती. त्याच्या वकिलांपैकी एक जण तेव्हाच्या अ‍ॅटर्नी जनरल पॅम बाँडी यांचे सख्खे भाऊ. ट्रम्प यांचं म्हणणं असं की त्यानं काहीच चुकीचं केलं नव्हतं, आपल्याला पाठिंबा दिला म्हणून त्याला छळलं गेलं. हे मी त्यांच्या बाजूनं जसंच्या तसं सांगते. पण त्या ज्युरीनं जे पाहिलं, ऐकलं, त्याला या वाक्यात कुठेच उत्तर नाही.

तुमच्या हातात काय उरलं? माफीनं फौजदारी शिक्षा जाते आणि न भरलेली भरपाईही जाते. दिवाणी दावा मात्र माफीनं मरत नाही. निकोला कंपनीनं डिसेंबर २०२१ मध्ये शेअर बाजाराच्या नियामकाशी, म्हणजे एसईसीशी, १२.५ कोटी डॉलरची तडजोड केली होती आणि त्यातून नुकसान झालेल्या गुंतवणूकदारांसाठी निधी उभारायचं ठरलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली, त्यामुळे पूर्ण रकमेची आशा धरू नका. पण शेअर घेतल्याच्या आणि विकल्याच्या पावत्या काढा आणि सिक्युरिटीजचं काम करणाऱ्या वकिलाकडे एकदा जाऊन या निधीत आणि गुंतवणूकदारांच्या सामूहिक दाव्यात तुमचा हक्क लागतो का, मुदत कधीची आहे, हे विचारून घ्या. तोटा प्राप्तिकरात दाखवला नसेल तर तोही दाखवा. भांडवली तोट्यातले वर्षाला ३,००० डॉलर इतर उत्पन्नातून वजा होतात आणि उरलेला तोटा पुढच्या वर्षांत ओढता येतो. कॉलेजच्या फीपुढे ही रक्कम लहान आहे, मला कळतं. पण ती तुमची आहे, सोडू नका.

साडूंकडे वळते. इथं मी तुमच्या बाजूनं पूर्णपणे उभी राहणार नाही.

त्यांचा प्रश्न बरोबर आहे. जो बायडन मुलाला, हंटरला, माफी देणार नाही असं पुन्हा पुन्हा सांगत होते आणि १ डिसेंबर २०२४ ला त्यांनी ती दिली, तीही जवळजवळ अकरा वर्षांतल्या कुठल्याही संघराज्यीय गुन्ह्यासाठी. पद सोडण्याच्या शेवटच्या घटकेला भावंडांनाही दिली. तुम्ही तेव्हा 'बापाचं काळीज' म्हणालात. काळीज प्रत्येक बापाला असतं, पण लेखणी एकाच बापाच्या हातात होती. साडूंना जे तेव्हा खटकलं, तेच तुम्हाला आता खटकतं आहे.

आणि मुलाच्या माफीपेक्षाही मला अस्वस्थ करणारी एक गोष्ट त्याच डिसेंबरात घडली, तुमच्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियात. लुझर्न काउंटीत मायकेल कोनाहन आणि त्याचा सहकारी असे दोन न्यायाधीश होते. खासगी बालसुधारगृहांशी संबंधित लोकांकडून त्यांनी मिळून २८ लाख डॉलर घेतले, आणि किरकोळ खोड्या करणारी पोरं त्या सुधारगृहांत जाऊ लागली. पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला हजारो मुलांचे निकाल रद्द करावे लागले. कोनाहनला साडेसतरा वर्षांची शिक्षा होती. कोविडच्या काळात त्याला घरी नजरकैदेत पाठवलं होतं, आणि अशा घरी असलेल्या जवळपास १,५०० जणांची शिक्षा बायडन यांनी एका फटक्यात संपवली, त्यात हाही सुटला. पैसे देऊन सुटला असं कुणी म्हणत नाही. यादी नीट कुणी वाचली नाही, एवढंच दिसतं. पण तिथं पाठवलेला मुलगा ज्या आईनं पुढे गमावला, तिला या फरकाचं काय? त्या राज्याचे गव्हर्नर डेमोक्रॅट, तरी त्यांनी उघडपणे सांगितलं की राष्ट्राध्यक्षांचं हे चुकलं.

हे साडूंना तुम्ही स्वतःहून सांगा. फोन करा आणि आधी हे सांगा. त्यांनी मिल्टनबद्दल, किंवा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुटलेल्या जॉर्ज सँटोसबद्दल काही कबूल करावं अशी अट न घालता. सँटोस हा न्यूयॉर्कचा माजी रिपब्लिकन खासदार, देणगीदारांची ओळख चोरून पैसे उकळल्याचं त्यानं स्वतः कबूल केलं होतं. सात वर्षांहून जास्त शिक्षा, त्यातले तीन महिनेही पुरे भोगले नाहीत. त्याच्या पीडितांची पावणेचार लाख डॉलरची भरपाईही गेली. ही उदाहरणं तुमच्याकडे भरपूर आहेत. पण फोनवर ती एकापुढे एक मांडलीत तर गणपतीचाच प्रयोग पुन्हा होईल.

त्याऐवजी दोघांनी मिळून कुठल्याही माफीला तेच ते प्रश्न विचारायचं ठरवा. माणूस रांगेतून आला की मागच्या दारानं? त्याच्या गुन्ह्यानं कुणाचं नुकसान झालं, आणि त्यांना कुणी विचारलं का? माफी देणाऱ्याला त्याच्याकडून काही मिळालं होतं का, पैसा, पाठिंबा, किंवा गप्प बसणं? माणसाचं नाव झाकून ठेवा आणि उत्तरं द्या. १९८३ मध्ये आरोप होणार असं दिसताच स्वित्झर्लंडला पळून गेलेल्या मार्क रिच या तेलव्यापाऱ्याला बिल क्लिंटन यांनी २० जानेवारी २००१ ला, पद सोडण्याच्या दिवशी, माफी दिली. त्याच्या घटस्फोटित पत्नीनं डेमोक्रॅटिक पक्षाला आणि क्लिंटन यांच्या ग्रंथालयाला लाखो डॉलर दिले होते. क्लिंटन यांच्याच पक्षाचे जिमी कार्टर त्यावर जाहीरपणे तुटून पडले. डिसेंबर २००८ मध्ये धाकट्या बुश यांनी न्यूयॉर्कच्या आयझॅक टूसी या घरबांधणी व्यावसायिकाला माफी दिली आणि त्याच्या वडिलांनी रिपब्लिकन पक्षाला देणगी दिल्याची बातमी येताच दुसऱ्याच दिवशी ती मागे घेतली. फार जुनी गोष्ट नाही ही. लाज वाटून राष्ट्राध्यक्ष माफी मागे घेत होता, यावर साडूंचंही दुमत असणार नाही.

आणि टेनेसीची गोष्ट सांगा त्यांना. दक्षिणेकडचं राज्य आहे, त्यांना न्यू जर्सीपेक्षा जवळचं वाटेल.

रे ब्लँटन हे तिथले डेमोक्रॅट गव्हर्नर. १९७० च्या दशकात तिथल्या पॅरोल मंडळाच्या अध्यक्ष होत्या मारी रॅगियान्टी. पैसे घेऊन कैद्यांना सोडण्याचा धंदा गव्हर्नरच्या कचेरीतून चालतो आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी साथ दिली नाही आणि १९७७ मध्ये त्यांना काढून टाकलं. त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. डिसेंबर १९७८ मध्ये एफबीआयनं ब्लँटन यांच्या कायदेविषयक सल्लागारालाच पकडलं. तरी १५ जानेवारी १९७९ च्या रात्री, मुदत संपायला काही दिवस उरलेले असताना, ब्लँटन यांनी बसून ५२ कैद्यांच्या कागदांवर सह्या केल्या. त्यांत एका राजकीय समर्थकाचा मुलगा होता, घटस्फोटित पत्नीचा आणि तिच्यासोबतच्या माणसाचा खून केलेला.

नंतर जे झालं त्यासाठी मी ही गोष्ट सांगते आहे. हॅल हार्डिन हे तिथले संघराज्याचे सरकारी वकील, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षानं नेमलेले. आणखी सह्या होणार आहेत असं कळल्यावर त्यांनी नवनिर्वाचित गव्हर्नर लमार अलेक्झांडर यांना फोन केला. अलेक्झांडर रिपब्लिकन. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे प्रमुख डेमोक्रॅट. आपल्याच पक्षाच्या गव्हर्नरला उतरवण्यासाठी त्यांनी विरोधी पक्षाच्या माणसाला साथ दिली, आणि १७ जानेवारीला, ठरलेल्या दिवसाच्या तीन दिवस आधी, अलेक्झांडर यांचा शपथविधी उरकला. त्या लोकांना निवडणुका लढवायच्या नव्हत्या असं नाही. पुढेही ते वर्षानुवर्षं राजकारणात राहिले. त्यांनी आपल्या माणसाला 'तू चुकलास' म्हटलं आणि त्यांचं काही बिघडलं नाही. तुम्ही आणि साडू, दोघांनाही हे जमायला हरकत नाही.

वडिलांना मात्र थोडं दुरुस्त करा, आदरानं. आपल्याकडेही असंच, हे अर्धं खरं आहे. मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांच्या खटल्यात १९६० मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर लगेच राज्यपालांनी शिक्षेला स्थगिती दिली, तेव्हा प्रकरण आपल्यापुढे असताना ही स्थगिती चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं बजावलं. १९६४ मध्ये नंतरच्या एका राज्यपालांनी, विजयालक्ष्मी पंडित यांनी, त्यांना माफी दिलीच. वडिलांना ते वर्तमानपत्रांतले दिवस आठवतही असतील. पण आपल्याकडे राष्ट्रपती किंवा राज्यपाल मनाला येईल तसं करत नाहीत, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात, आणि त्यावर न्यायालयाची नजर राहू शकते. २००५ मध्ये आंध्र प्रदेशात एका काँग्रेस कार्यकर्त्याची शिक्षा माफ झाली. पत्नी त्याच पक्षाची आमदार, आणि राज्यपाल होते आपले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. मारल्या गेलेल्या माणसाच्या मुलानं दाद मागितली. माफीच्या कागदपत्रांत 'चांगला काँग्रेस कार्यकर्ता' असा शेरा सापडला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती माफी रद्द केली. माणसाचा धर्म, जात, पक्ष बघून माफी देता येत नाही, हे निकालात लिहिलं आहे. अमेरिकेत तुमच्यासारख्या गुंतवणूकदाराला असं कोर्टात जाता येत नाही. तिथं तुम्हाला जो घुसमटल्यासारखा राग येतो आहे, त्याचं मूळ यात आहे.

हे असं का ठेवलं, हा प्रश्न मुलीनं विचारला तर तिला १७८८ सालचा व्हर्जिनियातला वाद वाचायला द्या. राज्यघटना मान्य करायची की नाही यावर तिथं चर्चा चालली होती. जॉर्ज मेसन यांनी विचारलं की राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या सांगण्यावरून झालेले गुन्हेही माफ करेल, मग काय? जेम्स मॅडिसन यांनी उत्तर दिलं की तसा संशय आला तर प्रतिनिधिगृह त्याच्यावर महाभियोग चालवेल. आजवर सिनेटनं महाभियोगात एकाही राष्ट्राध्यक्षाला पदावरून काढलेलं नाही. मेसन यांची भीती खरी होती, असं माझं मत आहे.

तरीही हा अधिकारच काढून टाका, असं मी म्हणणार नाही. ओबामा यांनी १,७१५ कैद्यांची शिक्षा कमी केली. त्यांत बहुतेक अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षं खितपत पडलेले साधे लोक होते. ट्रम्प यांनीच २०१८ मध्ये अ‍ॅलिस जॉन्सन या आजीची जन्मठेप संपवली. पहिलाच गुन्हा, हिंसा नाही, आणि वीसहून अधिक वर्षं तुरुंगात. ते उत्तम काम होतं. न्याय खात्यात माफीच्या अर्जांसाठी वेगळी कचेरी आहे. पूर्ण माफी मागायची तर सुटकेनंतर पाच वर्षं थांबा, मग अर्ज करा, चौकशी होते, असा तिचा नियम. नोकरी मिळत नाही म्हणून, बंदुकीचा परवाना हवा म्हणून, मरण्याआधी नावावरचा डाग पुसावा म्हणून हजारो माणसं तिथं वर्षानुवर्षं वाट बघतात. वॉल्झॅकला शिक्षा झाल्यावर दोन आठवडेही लागले नाहीत. मला सगळ्यात जास्त चीड याची येते. दार उघडं आहे, पण ज्यांच्यासाठी ते बांधलं ते रांगेतच उभे आहेत.

त्या कचेरीच्या प्रमुख लिझ ओयर यांना मार्च २०२५ मध्ये काढून टाकण्यात आलं. एका प्रसिद्ध नटाला बंदूक बाळगण्याचा हक्क परत द्यावा, या शिफारशीवर सही करायला आपण नकार दिला होता, असं त्यांनी सांगितलं. गप्प घरी बसल्या नाहीत. माफ्यांमुळे पीडितांची किती भरपाई बुडाली याचा हिशेब त्या लोकांपुढे मांडत राहिल्या, आणि तो आकडा १०० कोटी डॉलरच्या वर गेला आहे. तुमचे पैसे त्या आकड्यात आहेत. कुणीतरी ते मोजले, कारण तिला कायदा येत होता. मुलीला ओयर यांच्याबद्दल सांगा, रॅगियान्टींबद्दल सांगा, आणि रॅगियान्टींचा खटला लढवणारे वकील फ्रेड थॉम्पसन पुढे सिनेटर झाले, हेही सांगा. 'काय उपयोग' हा तिचा प्रश्न मनापासूनचा आहे. त्याला उपदेशानं उत्तर देऊ नका. अशी माणसं दाखवा आणि तिला ठरवू द्या.

तुम्ही आता नागरिक आहात. टेनेसीचे खासदार स्टीव्ह कोहेन यांनी राष्ट्राध्यक्षांच्या माफीच्या अधिकाराला मर्यादा घालणारी घटनादुरुस्ती अनेकदा मांडली आहे: स्वतःला, कुटुंबाला, आपल्या प्रशासनातल्या माणसांना माफी नाही. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी आधीचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना माफी दिल्यावर सिनेटर वॉल्टर माँडेल यांनी सुचवलं होतं की काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, दोन-तृतीयांश मतांनी माफी रद्द करता यावी. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यं लागतात, त्यामुळे हे लवकर होणार नाही. पण तुमच्या खासदाराला पत्र लिहायला एक संध्याकाळ पुरते. माझं नाव हे, मी २०२० मध्ये अमुक इतके शेअर घेतले, माझे इतके पैसे गेले, इतकंच लिहा. कुठल्याही पक्षाचं नाव घालू नका. त्यात हंटर बायडन यांच्याबद्दलही एक वाक्य असू द्या, आणि त्याची प्रत साडूंना पाठवा. पत्रावर दोघांच्या सह्या झाल्या तर फारच छान, पण आग्रह धरू नका.

मुलीसाठी आणखी एक. मिल्टनचा खटला जिथं चालला ते मॅनहॅटनचं संघराज्यीय न्यायालय तुमच्यापासून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर आहे. खटले सगळ्यांसाठी खुले असतात, मागच्या बाकांवर कुणीही जाऊन बसू शकतं. शाळेला सुट्टी असेल तेव्हा एखाद्या दिवशी ज्युरीसमोर चाललेला खटला बघायला तिला घेऊन जा. दारावर मोबाइल जमा करावा लागतो, त्यामुळे कामाचे फोन आधीच उरकून घ्या. साडूंच्या मुलांपैकी कुणी सुट्टीत तुमच्याकडे आलेलं असेल, तर त्यालाही बरोबर न्या.